चर्चच्या फलकावरचा पदकविजेता वैमानिक नेमका कोण? छडा लावायची सविस्तर रीत

इंग्लंडमधल्या जुन्या गावात चर्च उघडं मिळालं, तर आतल्या भिंतीवर बहुतेक वेळा दोन यादी-फलक दिसतात. एक १९१४–१८ चा, लांबलचक. दुसरा १९३९–४५ चा, त्यामानानं आखूड. या दुसऱ्या यादीत हवाई दलाची माणसं बरीच असतात आणि त्यांतल्या एखाद्याच्या नावापुढे डी.एफ.सी. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) किंवा डी.एफ.एम. (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल) अशी हवाई शौर्यपदकांची अक्षरं असतात. आडनाव, एक-दोन आद्याक्षरं आणि पदक, एवढाच ऐवज. हा माणूस कुठल्या विमानात होता, कुठे पडला, पदक कशाबद्दल मिळालं, यातलं काहीही फलक सांगत नाही.

ही माहिती घरबसल्या काढता येते, आणि तिचा मोठा भाग फुकट मिळतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा छंद जडलेला पाहिला आहे. पुणेकरांनाही यात काम आहे, ते पुढे येईलच. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण नवशिके हमखास इथेच घसरतात. पदकाची अक्षरं दिसली की लोक थेट लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे पदकं जाहीर होतात त्या ब्रिटिश सरकारी राजपत्रात, आडनाव टाकतात, पहिला जुळणारा उतारा उचलतात आणि खूश होतात. दुसऱ्या महायुद्धात २० हजारांहून अधिक डी.एफ.सी. दिले गेले. त्यांत स्मिथ, जोन्स, टेलर किती असतील? आधी माणूस नक्की करायचा, पदकाकडे नंतर वळायचं. क्रम उलटा केलात तर एकाचं शौर्य दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, आणि असला मजकूर एकदा इंटरनेटवर चढला की पुसता पुसला जात नाही.

आधी फलक, मग संगणक

फलकाचा पूर्ण फोटो घ्या, मग प्रत्येक रकान्याचा जवळून. पितळी फलकावर समोरून फ्लॅश मारला तर फक्त चकाकी येते. टॉर्च बाजूने तिरका धरला की कोरीव अक्षरं उठून दिसतात. अक्षरांवर खडू फिरवणं, कागद ठेवून पेन्सिल घासणं, ओल्या फडक्यानं पुसणं हे प्रकार करू नका. जुना सोनेरी मुलामा त्यानं जातो. चर्चची व्यवस्था पाहणारा चर्चवॉर्डन भेटला तर विचारून घ्या. गावाच्या इतिहासावर कोणीतरी आधीच टिपण करून ठेवलेलं असतं आणि ते कुठल्या कपाटात आहे हे त्याला ठाऊक असतं.

मजकूर जसाच्या तसा उतरवा. फलकावर चूक दिसली तरी ती वहीत सुधारू नका. नावांचा क्रमही लिहून ठेवा, कारण तो बोलका असतो. यादी आडनावांच्या वर्णक्रमानं लावलेली आहे आणि एकच नाव शेवटी, क्रम मोडून आलंय, तर ते मागाहून घातलेलं. असा माणूस कदाचित उशिरा, युद्ध संपल्यावर जखमांनी वारलेला असतो, किंवा त्याचे आईवडील त्या गावात नंतर राहायला आलेले असतात.

फलक कोणाचा आहे हेही पाहा. ‘रोल ऑफ ऑनर’ म्हणून चौकटीत लावलेल्या यादीत कधीकधी युद्धावर गेलेल्या सगळ्यांची नावं असतात आणि मेलेल्यांच्या नावापुढे फक्त छोटा क्रूस असतो. तो क्रूस नजरेतून सुटला तर सुखरूप परतलेल्या माणसाची कबर तुम्ही महिनोन्‌महिने शोधत बसाल. शिवाय कोणाचं नाव घालायचं हे सरकारनं ठरवलेलं नव्हतं. ते काम गावच्या समितीचं. तिथे जन्मलेला, तिथल्या मुलीशी लग्न केलेला, चर्चच्या गायकवृंदात गायलेला, असा कुठलाही धागा पुरत असे. म्हणून एकच माणूस तीन गावांच्या फलकांवर सापडतो.

निघण्याआधी चर्चच्या आवारात एक फेरी माराच. परदेशात पडलेल्यांना तिथेच पुरलं गेलं, पण ब्रिटनमध्ये मृत्यू आला, मग तो सरावाच्या उड्डाणातला अपघात असो वा परतताना कोसळलेलं विमान असो, तर घरचे लोक देह गावी आणू शकत. अशांची कबर तुम्ही उभे आहात तिथून पन्नास पावलांवर असू शकते. युद्धकबरींची ठरावीक घाटाची शिळा लगेच ओळखू येते. तिच्यावर हुद्दा, तारीख आणि बहुतेकदा वय कोरलेलं असतं; अधिकारी नसलेल्यांचा सर्व्हिस नंबरही असतो. आणि ती नसली, तरी आईवडिलांच्या कबरीवर ‘आणि त्यांचा मुलगा’ म्हणून एक ओळ खाली असते. त्या एका ओळीनं आठवड्याचं काम वाचतं.

फलकाचा आधी कोणी अभ्यास केलाय का, हे इम्पीरियल वॉर म्युझियमच्या वॉर मेमोरियल्स रजिस्टरमध्ये पाहता येतं. एक लाखाहून अधिक स्मारकांची नोंद तिथे आहे, अनेकांची नावानिशी यादीही.

अक्षरं काय सांगतात

१ एप्रिल १९१८ ही तारीख डोक्यात पक्की बसवा. त्या दिवशी रॉयल फ्लाइंग कोअर आणि रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स झाली. आधीचा वैमानिक एकतर लष्कराचा किंवा नौदलाचा. हवाई दलाची स्वतःची चार पदकं, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, एअर फोर्स क्रॉस आणि एअर फोर्स मेडल, ३ जून १९१८ ला सुरू झाली. त्यामुळे त्यापूर्वी पडलेल्या वैमानिकाच्या नावापुढे लष्करी एम.सी. (मिलिटरी क्रॉस) किंवा डी.एस.ओ. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) दिसतं, नौदलाचा असेल तर डी.एस.सी. (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस). ‘वैमानिक आहे आणि डी.एफ.सी. नाही, म्हणजे फलक चुकला’ असं समजू नका.

हे तपासायला पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश लढाऊ वैमानिक अल्बर्ट बॉल चांगला. नॉटिंगहॅमच्या लेंटन भागातल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे. व्ही.सी. (व्हिक्टोरिया क्रॉस), डी.एस.ओ. आणि त्यावर दोन बार (म्हणजे तेच पदक आणखी दोनदा), एम.सी. एवढा मानकरी, ४४ विजय नावावर, पण डी.एफ.सी. नाही. कारण तो ७ मे १९१७ ला गेला, तेव्हा डी.एफ.सी. हे पदकच अस्तित्वात नव्हतं. उत्तर माहीत असलेल्या अशा एखाद्या नावावर आधी हात साफ करून घ्या. कुठली माहिती कुठे कशी दिसते ते कळतं. बॉल मूळचा शेरवुड फॉरेस्टर्स या पायदळ पलटणीतला. फ्लाइंग कोअरमधले कितीतरी अधिकारी असे पलटणीतून आलेले होते आणि काही फलकांवर पलटणीचंच नाव कोरलं गेलं. पायदळ वाटणारा माणूस वैमानिक निघतो तो असा.

दुसऱ्या महायुद्धात डी.एफ.सी. अधिकारी आणि वॉरंट ऑफिसर यांना मिळे, डी.एफ.एम. त्याखालच्या सार्जंट, फ्लाइट सार्जंट वगैरे मंडळींना. डी.एफ.एम. साडेसहा हजारांच्या आसपासच दिली गेली, म्हणून ते अक्षर शोधाच्या दृष्टीनं जास्त मोलाचं: जाळं आपोआप लहान होतं. एअर फोर्स क्रॉस शत्रूसमोरच्या कामगिरीसाठी नसून इतर उड्डाणांतल्या धैर्याबद्दल किंवा सेवेबद्दल असतो. प्रशिक्षक आणि चाचणी वैमानिक यांच्याकडे तो जास्त दिसतो. कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडलचा हवाई प्रकार तर फार दुर्मीळ. सी.जी.एम. दिसलं आणि माणूस वायुसेनेचा असला, तर तुमचं काम अर्ध्या तासाचं.

काही अक्षरं दगा देतात. पहिल्या महायुद्धाच्या फलकावर ए.एफ.सी. म्हणजे एअर फोर्स क्रॉस असेलच असं नाही; ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरही त्याच तीन अक्षरांत लिहिलं जायचं. पी.ओ. म्हणजे पायलट ऑफिसर, पण नौदलात पेटी ऑफिसर. बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, आणि बार कोरायला फलकावर जागा नसली की गावकरी तो सरळ गाळून टाकत.

‘फ्लाइंग ऑफिसर, डी.एफ.एम.’ अशी जोडी दिसली तर गोंधळू नका. अधिकाऱ्याला डी.एफ.एम. कसं? तो सार्जंट असताना त्यानं ते कमावलं आणि नंतर कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं. मात्र कमिशन मिळताना त्याचा सर्व्हिस नंबर बदलला. पदक एका नंबरवर आणि मृत्यू दुसऱ्याच नंबरवर, म्हणजे कागदोपत्री जणू दोन माणसं. ही गाठ गॅझेटमधल्या कमिशनच्या नोंदीत सुटते, तिथे जुना नंबर आणि नवा नंबर शेजारीशेजारी दिलेले असतात. याचीच दुसरी बाजू अशी, की काहींचं कमिशन मंजूर झालं पण कागद पोचायच्या आत माणूस गेला. फलकावर सार्जंट, अधिकृत नोंदीत पायलट ऑफिसर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

माणूस पक्का करणं

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनची नोंदयादी उघडा. १९१७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीतले मृत्यू ती धरते. आडनाव, एक आद्याक्षर, युद्ध आणि हवाई दल एवढंच भरा. पहिल्या फेरीत पदकाचा रकाना मोकळा सोडा, कारण नोंदीत पदक गाळलेलं असू शकतं आणि मग तुमचा माणूस गाळणीतून निसटतो.

हाती आलेल्या प्रत्येक नोंदीतला ‘अधिक माहिती’चा रकाना वाचा. ‘अमुक आणि तमुक यांचा मुलगा, या गावचा, हिचा नवरा’ अशी ओळ तिथे असते. ती घरच्यांनी भरून पाठवलेल्या फॉर्मवरून घेतलेली असायची, म्हणून ज्यांनी फॉर्म परत पाठवला नाही त्यांच्यापुढे ती जागा कोरी आहे. आणखी एक बारकावा: ‘या गावचा’ म्हणजे फॉर्म भरला तेव्हा आईवडील किंवा बायको राहत होती ते गाव. मुलगा तिथे कधी राहिलाही नसेल.

कबर नसलेल्यांची नावं स्मारकांवर आहेत. ब्रिटन आणि उत्तर-पश्चिम युरोपच्या आकाशातून बेपत्ता झालेले २० हजारांहून अधिक वायुसैनिक लंडनजवळच्या रनीमीड इथल्या स्मारकावर आहेत. ते १९५३ मध्ये खुलं झालं. पहिल्या युद्धातले पश्चिम आघाडीवरचे बेपत्ता वैमानिक फ्रान्समध्ये अरास इथे. ब्रह्मदेश आणि हिंदी महासागरावरून न परतलेले सिंगापूर स्मारकावर. गावच्या फलकावरचं नाव सिंगापूरच्या स्तंभावर सापडलं, तर त्या माणसाचा तळ भारतात असण्याची दाट शक्यता धरून पुढचा शोध करा.

उमेदवार दोन-तीन उरले की पुरावा मागायचा. माझा नियम साधा आहे: फलकाशी जोडणारा एक स्वतंत्र कागद हवाच. इंग्लंड-वेल्सच्या मृत्युपत्रांच्या वार्षिक सूचीत मृताचा पत्ता आणि मृत्यूची तारीख असते, आणि अविवाहित तरुण वैमानिकाचा पत्ता बहुतेकदा आईवडिलांचाच असतो. जून १९२१ ची जनगणना उपलब्ध आहे, त्यात कुटुंब लहान मुलासकट सापडतं. १९३१ च्या जनगणनेचे कागद मात्र युद्धकाळात आगीत जळाले, ते शोधू नका. २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही उपयोगी आहे, पण सैन्यात दाखल झालेले त्यात नाहीत. त्या दिवशी तो घरी नसेल तर आईवडील शोधा, घर शोधा. जन्मनोंदींच्या सूचीत १९११ च्या तिसऱ्या तिमाहीपासून आईचं माहेरचं आडनावही येतं. सारख्या नावांचे दोन जॉन वेगळे करायला त्यासारखं साधन नाही. स्थानिक वर्तमानपत्रांत पदकाची बातमी फोटोसह छापली जायची, शाळेचं नाव, वडिलांचं दुकान, सगळं तपशिलात. ती मिळाली तर उत्तमच.

दोन जे. मॅककडन

हे एवढं सोवळं कशासाठी, ते एका खऱ्या घरावरून पाहू. समजा, एखाद्या फलकावर फक्त ‘जे. मॅककडन, एम.सी.’ असं आहे. केंट परगण्यातल्या या घरातले दोघे भाऊ या वर्णनात बसतात. जेम्स थॉमस बायफोर्ड मॅककडन आणि जॉन अँथनी मॅककडन. दोघेही वैमानिक, दोघांनाही एम.सी., दोघेही १९१८ मध्ये फ्रान्समध्ये गेले. तिसरा भाऊ विल्यम १९१५ मध्ये विमान अपघातात गेला होता.

आता तारखा मांडा. जॉन ८४ स्क्वॉड्रनमध्ये होता, १८ मार्च १९१८ ला पडला. म्हणजे रॉयल एअर फोर्स जन्मण्याच्या दोन आठवडे आधी. तो शेवटपर्यंत फ्लाइंग कोअरचाच. जेम्स ९ जुलै १९१८ ला अपघातात गेला, तेव्हा तो मेजर होता, ६० स्क्वॉड्रनचा ताबा घ्यायला निघाला होता, आणि दल होतं रॉयल एअर फोर्स. तेव्हा फलकावर आर.एफ.सी. की आर.ए.एफ. एवढ्या दोन-तीन अक्षरांवर सगळा निकाल लागतो. ती अक्षरंही नसतील तर हुद्दा बघा. तोही नसेल तर यादी तारखेनुसार लावलीय का ते बघा.

शिवाय जेम्सच्या नावापुढे नुसतं एम.सी. असणं हेच संशयास्पद. त्याच्याकडे व्ही.सी., डी.एस.ओ. आणि बार, एम.सी. आणि बार, आणि एम.एम. होतं. शेवटचं एम.एम., म्हणजे मिलिटरी मेडल, हे अधिकारी नसलेल्यांचं पदक. मेकॅनिक म्हणून फ्लाइंग कोअरमध्ये शिरलेला माणूस सार्जंट झाला, मग अधिकारी, मग मेजर: सगळी नोकरी त्या अक्षरांच्या उतरंडीत वाचता येते. पदकं अशी वाचायची सवय लागली की फलक बोलायला लागतात.

आता गॅझेट

माणूस, नंबर आणि मृत्यूची तारीख हाती आली की लंडन गॅझेटकडे वळा. ते ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. जुन्या छपाईचं यंत्रानं केलेलं वाचन कच्चं असल्यामुळे आडनावाऐवजी सर्व्हिस नंबर टाकून पाहा, तेही जमलं नाही तर पदकाचं नाव आणि तारखांची मर्यादा द्या. मॅक-आडनावांचे सगळे पर्याय वापरून बघा. एका पुरवणीवर दोन तारखा दिसतात: मूळ अंक ज्या तारखेचा ती, आणि पुरवणी प्रत्यक्ष प्रसिद्ध झाली ती. टिपणात दोन्ही लिहा, नाहीतर दुसरा संशोधक तुम्हाला खोटं पाडतो.

पदकाची तारीख मृत्यूनंतरची निघाली, की लोक ‘मरणोत्तर डी.एफ.सी.’ लिहून मोकळे होतात. इथे थांबा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूसमोरच्या शौर्याबद्दल मरणोत्तर देता येण्यासारखे सन्मान दोनच होते: व्हिक्टोरिया क्रॉस आणि मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे युद्धाच्या अहवालात नामोल्लेख. डी.एफ.सी. किंवा डी.एफ.एम. मरणोत्तर नव्हतं. मग मृत्यूनंतर छापलं कसं गेलं? शिफारस माणूस जिवंत असताना झाली, मंजुरीचा कागद फिरत राहिला, दरम्यान विमान परतलं नाही. अशा वेळी पदक मृत्यूपूर्वीच्या तारखेपासून लागू धरून छापत, आणि नावापुढे ‘त्यानंतर बेपत्ता’ किंवा ‘त्यानंतर मृत’ असा शेरा देत. तो शेरा उताऱ्यात दिसतो का ते बघा.

या नियमाची धार कळायची तर १२ मे १९४० ची घटना पुरे. बेल्जियममधल्या वेल्डवेझेल्टच्या पुलावर १२ स्क्वॉड्रनची ‘बॅटल’ नावाची बॉम्बफेकी विमानं गेली. एका विमानात फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गार्लंड, सार्जंट थॉमस ग्रे आणि मागे बंदुकीवर लॉरेन्स रेनॉल्ड्स. तिघेही गेले. वैमानिक आणि नॅव्हिगेटर यांना व्ही.सी., रेनॉल्ड्सला काहीच नाही. तिघे हेव्हर्लीच्या दफनभूमीत आहेत. तेव्हा फलकावर नावापुढे अक्षरं नसलेला माणूस मागे राहिला असं समजायचं कारण नाही. त्याच विमानात तोही होता.

सन्मान फार उशिरा जाहीर होण्याचं उदाहरण म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड. १९ सप्टेंबर १९४४ ला नेदरलँड्समधल्या आर्नेमवर रसद टाकताना त्याचं डकोटा हे मालवाहू विमान पेटलं, तरी तो दुसरी फेरी मारून गेला. विमानात आठ जण होते, वाचला एकटा नॅव्हिगेटर हॅरी किंग, तो कैदेत गेला. तो सुटून आल्यावर हकीकत कळली आणि व्ही.सी. नोव्हेंबर १९४५ मध्ये जाहीर झाला. त्याआधी कोरलेल्या एखाद्या यादीत लॉर्डपुढे फक्त डी.एफ.सी. असेल, आणि तीही तेव्हा बरोबरच होती. ते डी.एफ.सी. त्याला ३१ स्क्वॉड्रनमधल्या कामाबद्दल मिळालं होतं, म्हणजे भारतातून ब्रह्मदेशावर केलेल्या उड्डाणांबद्दल. त्या आठांमधले चौघे हवाई दलाचे नव्हतेच, सामान ढकलणारे लष्कराचे जवान होते. विमानात गेलेला प्रत्येक जण वायुसैनिक असतो असं धरून चाललात तर हे चौघे तुमच्या यादीत येणारच नाहीत. लॉर्ड ज्या तळावरून उडाला त्या डाउन अँप्नी गावच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये आर्नेमच्या उड्डाणांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी आहे.

गॅझेटमध्ये नुसतंच नाव आहे, प्रशस्ती नाही, असंही पुष्कळदा होतं. एका विशिष्ट प्रसंगाबद्दल दिलेल्या तातडीच्या पदकांना उतारा असतो. ठरावीक मोहिमा पूर्ण केल्याबद्दल दिलेली पदकं लांबलचक याद्यांत निघत. शिफारशीचा मूळ कागद मात्र लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये ‘एअर २’ या मालिकेत असू शकतो, आणि त्यात किती मोहिमा, किती तास, कुठली लक्ष्यं असा हिशेब दिलेला असतो. गॅझेटच्या गोळीबंद भाषेपेक्षा तो कागद कितीतरी जिवंत.

घरच्यांकडे पदक असेल तर कडेवर पाहा. डी.एफ.एम.च्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. डी.एफ.सी.वर अधिकृतपणे फक्त वर्ष, मागच्या बाजूला खालच्या भुजेवर. त्यामुळे लिलावात आलेलं डी.एफ.सी. अमक्याचंच, हे निव्वळ पदकावरून ठरत नाही.

स्क्वॉड्रनची नोंदवही

कुठल्या स्क्वॉड्रनमध्ये होता हे कळल्यावर खरी गंमत सुरू होते. प्रत्येक स्क्वॉड्रनची दैनंदिनी ‘एअर २७’ मालिकेत आहे. तिचे दोन भाग: फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा सारांश, फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक विमान, त्यातले सगळे लोक, उड्डाणाची वेळ, परतायची वेळ आणि काय घडलं. परतीच्या वेळेच्या जागी ‘परतलं नाही’ एवढंच असतं. मागच्या महिन्यांची पानंही उलटा. तोच चमू आठवड्यामागून आठवडा कुठे गेला, कोणाच्या जागी कोण आलं, इंजिन बिघडून मध्येच कधी परतला, हे सगळं दिसतं आणि मग ते पदक कशाबद्दल होतं ते आपोआप कळतं.

रात्रीच्या मोहिमांत तारीख एक दिवसानं सरकते. जर्मनीतल्या धरणांवरचा प्रसिद्ध हल्ला १६ मे १९४३ च्या रात्री निघाला. जॉन हॉपगुड, डी.एफ.सी. आणि बार, म्योने धरणावर मध्यरात्रीनंतर पडला. त्याच्या मृत्यूची तारीख १७ मे, कबर राइनबर्गला. फलकावर १६ आणि कबरीवर १७ दिसली म्हणून माणूस वेगळा ठरत नाही.

नाव धूसर असेल पण तारीख पक्की असेल, तर उलट बाजूनं जा. त्याच दिवशी, त्याच स्क्वॉड्रनचे, त्याच दफनभूमीतले किती जण आहेत ते काढा. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानात बहुतेक वेळा सात जण असत. सहा जुळले की सातवा तुमचाच असतो. बॉम्बर कमांडचे, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, ५५ हजारांहून अधिक लोक युद्धात गेले. लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची ऑनलाइन नोंद त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची, चमू एकत्र दाखवणारी. ‘एअर ८१’ मालिकेत अपघात आणि बेपत्ता प्रकरणांच्या फायली आहेत. त्या टप्प्याटप्प्यानं खुल्या होत आहेत. त्यात आईवडिलांची पत्रं सापडतात, तेव्हा जरा मन घट्ट करून उघडा. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांच्या मृत वायुसैनिकांच्या फायली त्या-त्या देशांच्या अभिलेखागारांत आहेत. नंबर जे/ नं सुरू झाला तर तो कॅनडाचा अधिकारी, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडची टोकं

भारतीय वैमानिकांसाठीही हीच रीत. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले, २२ जुलैला ते पडले, आणि डी.एफ.सी. गॅझेटमध्ये आला सप्टेंबरमध्ये. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ स्क्वॉड्रनमध्ये डॉल्फिन विमान उडवत होते. ३० जून १९१८ ला गेले आणि फ्रान्समधल्या हँगार्ड इथे त्यांची कबर आहे. त्यांना पदक नव्हतं, पण मराठी संशोधकाला सराव करायला त्यांच्यासारखं दुसरं नाव नाही: वेलिणकर हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येईल ते आधी कागदावर लिहा आणि मग शोध सुरू करा. दुसऱ्या युद्धात डी.एफ.सी. दोनदा मिळवणारे भारतीय हवाई दलातले एकमेव अधिकारी करुण कृष्ण मजुमदार.

आणि खडकी. पश्चिम आणि मध्य भारतातल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी एकत्र करायला तिथली युद्ध दफनभूमी केली गेली. त्यात वायुसैनिकही आहेत. म्हणजे यॉर्कशरच्या एखाद्या चर्चमधलं नाव मुळा नदीकाठी निघू शकतं. पुण्यात असाल तर इंग्लंडमधल्या संशोधकाला तुम्ही जे देऊ शकता ते त्याला तिकडे बसून मिळत नाही: शिळेचा स्वच्छ फोटो, शेजारच्या दोन कबरींची नावं, आणि घरच्यांनी निवडून कोरवलेली तळाची ओळ. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरं नीट येतात. नोंदवहीत आपलं नाव लिहा, शिळेवर हात टेकू नका, आणि फोटोसोबत प्लॉट, रांग, कबर क्रमांक टिपून घ्या.

लिहून काढताना

प्रत्येक विधानापुढे ते कुठून आलं ते लिहा आणि खात्रीचा दर्जाही: ‘पक्कं’, ‘बहुधा’, ‘शक्यता’. फलकावरचा हुद्दा, मृत्यूच्या वेळचा हुद्दा आणि पदक मिळालं तेव्हाचा हुद्दा असे तीन वेगळे रकाने ठेवा; निम्मे वाद इथेच मिटतात. जिवंत नातेवाइकांची नावं, पत्ते छापू नका, परवानगी असली तरी दोनदा विचार करा. वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या नोंदीत चूक सापडली तर त्यांना कळवता येतं, पण त्यांना अस्सल कागदाची प्रत लागते. कुणाच्या वेबपानाचा दुवा देऊन भागत नाही. वॉर मेमोरियल्स रजिस्टरला नावांची यादी आणि फोटो पाठवा. एक छापील प्रत चर्चवॉर्डनच्या हाती द्या, त्या कपाटात ठेवायला.